परभणीच्या उन्हात रॉटवायलर: पहिली दीड वर्षं

पिल्लू आम्ही दिवाळी उलटल्यावर आणलं, आणि कुणी विचारलं तर अजूनही तोच महिना सांगतो. फटाके संपलेले असतात, पावसाळ्यातला गोचिडांचा जोर ओसरलेला असतो, आणि पुढचे तीन-चार महिने पिल्लाला दिवसभरात केव्हाही बाहेर काढता येतं. एप्रिलचं ऊन सुरू होईतो ते सहा-सात महिन्यांचं होतं, लसी पुऱ्या झालेल्या असतात. मार्च-एप्रिलमध्ये आणलेलं पिल्लू शिकायच्या सगळ्यात मोलाच्या आठवड्यांत दिवसभर घरात कोंडून पडतं. मोठेपणी ते माणसांना बिचकतं ते त्यामुळेच.

पिल्लू निवडताना विक्रेते ‘हेवी बोन’, ‘डबल बोन’ असे शब्द वापरतात. डबल बोन अशी काही गोष्ट नसते. विचारायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. आई समोर दाखवतात का, आणि ती अनोळखी माणसापुढे शांत उभी राहते का? आई-वडिलांच्या खुब्यांचे एक्स-रे आहेत का? केनेल क्लबच्या (जातिवंत कुत्र्यांची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या) कागदावरचा मायक्रोचिपचा नंबर पिल्लाच्या चिपशी जुळतो का? या जातीत खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्याचा दोष पिढीतून येतो, आणि तो दोन महिन्यांच्या पिल्लाच्या चालीत दिसत नाही. पिल्लू पुरे आठ आठवड्यांचं असावं. आपल्याकडे तीस-पस्तीस दिवसांची पिल्लं सर्रास विकतात. भावंडांत राहून पिल्लू एक गोष्ट शिकतं: जोरात चावलं की खेळ थांबतो. ती शाळा अर्धवट सुटलेल्या पिल्लाचे दात घरातल्यांना महिनोन्‌महिने सोसावे लागतात. शेपूट कापलेलं पिल्लू घेऊच नये. जर्मनी ही या जातीची मायभूमी, आणि तिथे शेपूट कापायला १९९८ पासून बंदी आहे.

घराची तयारी पिल्लू यायच्या आधी करावी, कारण नंतर गवंडी आणि कुत्रा एकाच अंगणात नांदत नाहीत. कंपाउंड सहा फूट हवं. गेटला खाली चार बोटांपेक्षा जास्त फट नको. साधी आडवी कडी हा कुत्रा नाकानं उचलायला शिकतो, म्हणून आत कोयंडा आणि त्यात अडकवायची खुंटी. सगळ्यात उपयोगी पडलं ते दुसरं दार: रस्त्याच्या गेटपासून सहा-सात फुटांवर जाळीचं आतलं गेट. दूधवाला, सिलिंडरवाला, कुरिअरवाला बाहेरच्या गेटातून आत येतो, आतलं बंदच राहतं. एखाद्या दिवशी कुणी गेट उघडं टाकलं तरी कुत्रा रस्त्यावर जात नाही. मोठ्या राखणदार कुत्र्यांचे बरेचसे अपघात उघड्या गेटात होतात, त्यामुळे हा खर्च सगळ्यात आधी करावा.

दुसरी गोष्ट फरशी. जुन्या घरातली खरबरीत शहाबादी कुत्र्याच्या पायाला उत्तम. गुळगुळीत टाइल्सवर मात्र वाढत्या पिल्लाचे मागचे पाय फाकतात, आणि सांधा मुळात सैल असेल तर तो आणखी बिघडतो. आम्ही त्याच्या जाण्यायेण्याच्या वाटेवर रबरी मॅट टाकली आणि जिन्याला एक वर्षभर आडवं फळकूट लावून ठेवलं. गाडीतून उडी मारू देणं, दीड वर्षाच्या आत मोटारसायकलमागे पळवणं, हे अजिबात नको. हाडांची वाढीची टोकं तोवर कच्ची असतात.

खाण्यात लोक मायेपोटी दोन चुका करतात. पहिली दूध-भाकरी. तेवढ्यावर कुत्रा जगतो, पण त्याचे स्नायू भरत नाहीत आणि पोट सतत बिघडतं. दुसरी आणि मोठी चूक म्हणजे कॅल्शियमचं सिरप. हाडं जाड व्हावीत म्हणून बाटल्यावर बाटल्या पाजतात. सहा महिन्यांच्या आतल्या पिल्लाच्या आतड्याला जास्तीचं कॅल्शियम अडवता येत नाही. जेवढं पोटात जाईल त्यातलं बरंचसं शोषलं जातं, आणि मोठ्या जातीत त्यानं हाडं वाकडी होतात, सांधे दुखरे होतात. मोठ्या जातीच्या पिल्लांसाठीचं कोरडं खाद्य देत असाल तर त्यात कॅल्शियम मोजून घातलेलं असतं. वर थेंबभरही नको. आठ आठवड्यांपासून चार वेळा, चौथ्या महिन्यापासून तीन, सहाव्यापासून दोन वेळा.

दर रविवारी वजन वहीत लिहायची सवय लावून घेतली. आमचा नर दोन महिन्यांचा असताना ८ किलो, चार महिन्यांचा १९, सहाचा २९, वर्षाचा ४४ होता. आकड्यापेक्षा हाताचा अंदाज महत्त्वाचा: बरगड्या डोळ्यांना दिसू नयेत, पण बोटांना सहज लागाव्यात. बरगडी शोधावी लागत असेल तर खाणं दहा टक्क्यांनी कमी करायचं. बघणारे ‘बारीक दिसतोय’ म्हणतील, त्यांचं ऐकू नये. वाढत्या वयात अंगावर चढलेला प्रत्येक किलो खुब्यावर पडतो.

वाढ पुरी झाल्यावर घरचं अन्न चालतं, फक्त ते मोजून हवं. ४५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण अर्धा किलो बिनहाडाचं चिकन शिजवून, अडीचशे ग्रॅम तांदूळ, दोन अंडी, दीडशे ग्रॅम लाल भोपळा किंवा गाजर, वाटीभर दही आणि एक मोठा चमचा तेल. यात कॅल्शियम जवळजवळ नसतं, म्हणून इथे मात्र अंड्याच्या कवचाची बारीक पूड एक लहान चमचा रोज घालावीच. (पिल्लाला नको आणि मोठ्याला हवं, हे उलटं वाटतं, फरक पिशवीतल्या खाद्याचा आणि घरच्या पातेल्याचा आहे.) भाताऐवजी ज्वारीची भाकरी कुस्करून घातली तरी चालते. उरलेली आमटी-भाजी नको, कारण कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या लाल पेशी फुटतात. मनुके, द्राक्षं, चॉकलेट नको. शिजवलेलं हाड कधीच नको; त्याचे सुळे होतात आणि आतडं फाटतं.

लसीकरण आणि माणसांत मिसळणं या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतात. पार्वोचा (उलट्या आणि रक्ताच्या जुलाबांचा विषाणूजन्य आजार) धोका रॉटवायलरला इतर जातींपेक्षा जास्त आहे, आणि तो विषाणू मातीत कित्येक महिने टिकतो. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांना, मग दर तीन-चार आठवड्यांनी, आणि शेवटचा डोस सोळा आठवडे पुरे झाल्यावर. तो शेवटचा डोस चुकवतात तीच पिल्लं बहुतेक सापडतात, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती आधीच्या डोसांना निष्प्रभ करू शकते. रेबीजची लस बारा आठवड्यांना आणि पुढे दर वर्षी. जंताचं औषध बारा आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी, सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला, नंतर तीन महिन्यांतून एकदा.

पण जग ओळखायचं वय तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंतच असतं. लसी पुऱ्या होईतो घरात ठेवलं तर तीच खिडकी बंद होते. उपाय साधा आहे: पिल्लाला मांडीवर किंवा टोपलीत घेऊन बसायचं, जमिनीला पाय लावू द्यायचे नाहीत. आम्ही यादी करून एकेक गोष्ट दाखवली: धोतर-पटकेवाले आजोबा, बुरख्यातल्या बाया, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकत चालणारी म्हातारी, डोक्यावर भारा घेतलेली बाई, शाळेतून सुटलेली लेकरं, बैलगाडी, शेळ्यांचा कळप, ट्रॅक्टर, वरातीचा बँड. बँड पहिल्या वेळी दोनशे फुटांवरून, मग हळूहळू जवळून. प्रत्येकानं हात लावायची गरज नाही. पिल्लानं बघावं, कान उभारावे, मग शांत होऊन तुमच्याकडे वळावं. वळलं की तोंडात हरभऱ्याच्या दाण्याएवढा चिकनचा तुकडा. एका दिवसात तीन गोष्टींपेक्षा जास्त नको, आणि पिल्लू शेपूट पोटाखाली घेत असेल तर अंतर वाढवायचं.

दोरीवर चालणं पाच महिन्यांच्या आत पक्कं व्हायला हवं. सहाव्या महिन्यात तीस किलोचा कुत्रा ओढू लागला की घरातल्या बायका-म्हाताऱ्यांच्या हातून तो सुटतो. ओढलं की जागेवर उभं राहायचं, दोरी सैल झाली की चालायचं. पहिल्या आठवड्यात गेटपासून कोपऱ्यापर्यंत जायला वीस मिनिटं लागतात. लागू द्यावीत.

आता राखणीबद्दल. रॉटवायलरला राखण शिकवावी लागत नाही. रॉटवाइल गावचे खाटीक त्याच्याकडून गुरं हाकून घेत आणि गाडीची, पैशाची राखणही करून घेत. ती वृत्ती जातीत आहे. आठ ते चौदा महिन्यांच्या दरम्यान ती आपोआप जागी होते. एके सकाळी कुत्रा दूधवाल्यावर, ज्याला तो रोज बघतो, छाती काढून भुंकतो. घरातले खूश होतात, पाठ थोपटतात, ‘शाब्बास’ म्हणतात. बिघाड सुरू होतो तो तिथेच. कुणावर भुंकावं हे त्याला कळत नाही, एवढंच कळतं की माणसावर भुंकलं की कौतुक होतं. दोन महिन्यांत तो प्रत्येक पाव्हण्यावर जातो, आणि मग त्याला बांधलं जातं. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला मागे सरायला वाट नसते, म्हणून तो पुढे जातो. त्यातून चावरा कुत्रा तयार होतो.

शिकवायचं ते थांबणं. आम्ही ‘जागेवर’ हा एकच शब्द ठरवला आणि घरातल्या सगळ्यांनी तोच वापरला. कुणी ‘बस’, कुणी ‘जा’, कुणी ‘हट’ म्हटलं की सगळं वाया जातं. व्हरांड्याच्या कोपऱ्यात जुनी गोधडी टाकली. पहिला आठवडा गोधडीवर पाय पडला की तुकडा, बसला की दुसरा. दुसरा आठवडा तो बसलेला असताना आपण दोन पावलं, पाच पावलं, दाराआड जाऊन परत. तिसऱ्या आठवड्यात घरातल्याच माणसानं बाहेर जाऊन बेल वाजवायची. बेल वाजली, तो दोन-तीनदा भुंकला, ते बरोबर. आपण गेटकडे एकदा बघायचं, ‘कळलं’ म्हणायचं आणि ‘जागेवर’. तो गोधडीवर गेला की मगच गेट उघडायचं. नाही गेला तर गेट उघडतच नाही. दिवसाला दहा वेळा, दोन मिनिटांच्या तुकड्यांत. ओळखीच्या माणसावर जमलं की शेजारी, मग अनोळखी. आम्हाला यात चार महिने गेले, आणि या एका गोष्टीला दिलेला वेळ बाकी सगळ्या शिकवणीपेक्षा जास्त कामाला आला.

काठीनं मारून भीती घालणारे किंवा बाही गुंडाळून चावायला शिकवणारे ‘ट्रेनर’ घरच्या कुत्र्याला हात लावू देण्याच्या लायकीचे नाहीत. ४५ किलोचं काळं जनावर आतल्या गेटामागे उभं राहून एकदा भुंकलं की राखण झाली. आणि गुरगुरलं म्हणून कधी मारू नये. गुरगुरणं हा इशारा आहे. तो मारून बंद केला तर कुत्रा इशारा न देता चावायला शिकतो. जेवताना गुरगुरत असेल तर भांड्यात हात घालून ‘मालक कोण’ ते दाखवायचं नाही. जाता-जाता भांड्यात चांगला तुकडा टाकत जायचं, म्हणजे माणूस जवळ आला की काहीतरी मिळतं हे त्याच्या डोक्यात बसतं.

लेकरांसाठी घरात नियम लिहून लावले होते: झोपलेल्याला हात लावायचा नाही, खाताना जवळ जायचं नाही, गळ्यात पडायचं नाही, पाठीवर बसायचं नाही. दहा वर्षांखालचं लेकरू आणि कुत्रा, मोठं माणूस नसताना, एका जागी नको. रॉटवायलर प्रेमानं अंगाला रेलतो, आणि त्या रेलण्यानंही चार वर्षांचं पोर कोलमडतं. शेजारची पोरं आपल्या पोराशी कुस्ती खेळू लागली की कुत्र्याला तो हल्ला वाटतो; तेव्हा त्याला आधीच आत घ्यावं.

मे महिन्यात इथे पारा ४२-४४ अंशांवर असतो. अंगावर दुहेरी काळे केस, आणि उष्णता बाहेर टाकायला जवळजवळ फक्त धाप. केस भादरू नयेत. कातडी थेट उन्हात भाजते. पत्र्याच्या शेडमध्ये या कुत्र्याला ठेवणं म्हणजे भट्टीत ठेवणं आहे. आमच्याकडे सकाळी अकरा ते संध्याकाळी सहा तो खालच्या खोलीत, कूलरपुढे, शहाबादीवर असतो. एप्रिल-मेची हवा कोरडी, म्हणून कूलर छान चालतो. जूनमध्ये ढग आले की हवेत ओल येते आणि तोच कूलर उलटा त्रास देतो, दमट हवेत धाप लागून उपयोग होत नाही. तेव्हा कूलरचं पाणी बंद, खिडक्या उघड्या, नुसता पंखा. लाइट गेली तर ओलं पोतं जमिनीवर अंथरावं, अंगावर टाकू नये. अंगावरचं ओलं पोतं थोड्या वेळात गरम होऊन उष्णता आत कोंडतं.

फिरणं पहाटे सहाच्या आत आणि रात्री आठनंतर. डांबरावर तळहाताची मागची बाजू सात सेकंद ठेवता आली नाही तर कुत्र्याचे पाय पोळतात. पाणी एरवी दिवसाला अडीच-तीन लिटर, उन्हाळ्यात दुप्पट. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून त्याच्यासाठी वेगळा झाकणाचा ड्रम भरून ठेवतो आणि दोन मातीच्या पसरट कुंड्या सावलीत असतात.

उष्माघाताची खूण: धाप थांबत नाही, जीभ गडद लाल, लाळ चिकट, चाल झोकांड्या खाणारी. कुत्र्याच्या अंगाचं तापमान एरवी १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असतं. १०५ च्या पुढे जीव धोक्यात. लगेच सावलीत घेऊन पोटावर, जांघेत, पायांवर साधं गार पाणी ओतत राहायचं आणि पंखा लावायचा. आकडा १०३ वर आला की पाणी थांबवायचं, नाहीतर अंग जास्त गार पडतं. मग डॉक्टर, बरा दिसत असला तरी. आतल्या अवयवांचं नुकसान दुसऱ्या दिवशी दिसतं.

गोचीड हा मराठवाड्यातला वर्षभराचा शत्रू. कुत्र्यावर दिसतात ते थोडे. अंडी आणि पिलं भिंतीच्या भेगांत, गोठ्याच्या कुडात असतात. म्हणून नुसता कुत्रा धुऊन काही होत नाही. आम्ही भिंतींच्या भेगा सिमेंटनं बुजवल्या, कोपरे फवारले आणि कुत्र्याला तोंडातून द्यायची गोळी सुरू केली. फ्लुरालॅनरची बारा आठवडे पुरते, अफॉक्सोलॅनरची महिनाभर. जनावरांच्या गोचिडांचं औषध अंदाजानं पाण्यात मिसळून कुत्र्याच्या अंगावर ओतू नये, विषबाधा होते. गोचीडतापात कुत्रा दोन दिवस खात नाही, ताप चढतो, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. प्लेटलेट्स तपासायला लगेच रक्त द्यावं. एर्लिचिया (गोचीडतापाचा जंतू) निघाला तर डॉक्सीसायक्लिनचा कोर्स २८ दिवसांचा असतो. चौथ्या दिवशी कुत्रा उड्या मारू लागतो आणि लोक गोळ्या बंद करतात; आजार दबून राहतो आणि काही महिन्यांनी जास्त जोरानं उलटतो.

शेतातल्या आखाड्यावर नेत असाल तर कीटकनाशकाचं पोतं, बीजप्रक्रियेचं बियाणं आणि उंदरांचं औषध कुलपात हवं. तोंडाला फेस, अंग थरथरणं, बाहुल्या बारीक होणं ही कीटकनाशकाची लक्षणं. डबा सोबत घेऊन डॉक्टरकडे जावं. पावसाळ्यात वावरात सापाचा धोका, आणि हा कुत्रा नाक पुढे करूनच तपास करतो.

मोठ्या छातीच्या कुत्र्यांचं पोट वायूनं फुगून पिळतं. खाण्याआधी आणि नंतर तासभर पळापळ नको, दिवसाचं खाणं एकाच वेळी नको. पोट ढोलकीसारखं फुगलंय, ओकारी येते पण काही पडत नाही, कुत्रा बसत नाही: हे दिसलं की सकाळची वाट बघायची नाही, काही तासांत ऑपरेशन लागतं. परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत, तरीही रात्री दोनला ऑपरेशन कोण करतं हे पिल्लू घरी आलं त्याच आठवड्यात विचारून, फोन नंबर भिंतीवर लिहून ठेवावा.

कायद्याचं थोडक्यात. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या पत्रकात रॉटवायलरसह २३ जातींवर बंदी आणायला सांगितलं होतं. कर्नाटक उच्च न्यायालयानं एप्रिलमध्ये ते पत्रक रद्द केलं. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ मात्र लागू आहेच: जनावरापासून माणसाला धोका होऊ नये याची काळजी घेण्यात कसूर केली तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. महापालिकेचा परवाना आणि रेबीजचा दाखला एकाच फायलीत ठेवावा. कुणाला दात लागलाच तर जखम पंधरा मिनिटं साबण-पाण्यानं धुवायची आणि लसीसाठी दवाखाना गाठायचा, कुत्र्याला लस दिलेली असली तरी.

नसबंदीची घाई वर्षाच्या आत करू नये; हाडांची वाढ नीट पुरी व्हायला वृषणांतली किंवा अंडाशयांतली संप्रेरकं लागतात. मादी असेल तर वय वाढल्यावर गर्भाशयात पू होण्याचा धोका असतो, म्हणून वाढ पुरी झाल्यावर टाळूही नये.

शेवटचं काम लोक विसरतात. हा कुत्रा एकाच माणसाला चिकटतो, आणि ते माणूस लग्नाला तीन दिवस गावाला गेलं की घरातल्या कुणाला त्याला हात लावता येत नाही. म्हणून पहिल्या महिन्यापासून तीन जणांनी आळीपाळीनं खाणं द्यावं, फिरवावं, ‘जागेवर’ घ्यावं. आमच्यात तिसरा माणूस सालगडी होता. त्याच्यासाठी दोरी, पट्टा, तोंडाची जाळी आणि खाण्याचं माप दाराशेजारच्या एकाच खुंटीवर टांगलेलं असतं. दर पंधरा दिवसांनी एक पूर्ण दिवस कुत्रा त्याच्याच ताब्यात देतो; त्या दिवशी आम्ही घरी असलो तरी हाक मारत नाही.